फिकट गुलाबी

शाळेत रसायनशास्त्राच्या सरांना सगळे 'पारा' म्हणायचे, आणि पोरांनी हे नाव काही उगाच ठेवलं नव्हतं. सोडियमचं चिन्ह 'एसओ' सांगणारं किंवा अणू आणि रेणू एकच समजणारं पोर समोर आलं, की सरांचा पारा जो चढायचा तो मधल्या सुट्टीपर्यंत उतरायचा नाही. 'एक मोल म्हणजे किती?' असं त्यांनी विचारलं की दरवर्षी कुणीतरी 'कशाचं मोल, सर?' म्हणून बाजारात उभं राहिल्यासारखं तोंड करायचं. मग सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा आणि सर नव्यानं भडकायचे. अहो, तोच विनोद जन्मभर ऐकला तर दगडसुद्धा भडकेल.

माणूस मात्र मनानं खोटा नव्हता. मोजमापावर तर त्यांचा जीव. आवर्तसारणी काय, भिंतीवर टांगलेली आहे, कुणीही वाचून घ्यावी. पण मोजणं हातात आणि डोळ्यांत असावं लागतं, असं ते म्हणायचे. मोजनळीतलं पाणी वाचायचं तर गुडघे वाकवून डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा. कडेला चढलेलं पाणी बघायचं नाही, मधल्या खळग्याचा तळ बघायचा. जो उभ्याउभ्या वाचेल त्याची खैर नाही. दोन वर्षांनी निवृत्ती होती आणि तोवर ही प्रयोगशाळा सुखानं सांभाळावी, एवढंच त्यांना हवं होतं. तिथलं प्रत्येक भांडं ते स्वतः धुवायचे, शिपायाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

यंदाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत नेहमीचाच प्रयोग होता. खाली शंकुपात्रात आम्ल, त्यात रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब आणि वर उभ्या ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या मोजनळीत, आम्लारी. तोटी हळूहळू सोडायची आणि पात्रातल्या पाण्याला फिकट गुलाबी छटा आली की त्या थेंबाला थांबायचं. किती आम्लारी लागली, तो आकडा लिहायचा. झालं. परीक्षेआधी सर हा प्रयोग स्वतः करायचे आणि त्यांना आलेला आकडा तोच खरा आकडा धरायचे. तो पोरांच्या कानावर पडायचा नाही.

आणि घ्या! सगळ्या वर्गाचा आकडा सरांच्या आकड्यापेक्षा कमी आला. थोडा इकडे तिकडे झाला असता तर सरांनी सोडूनही दिलं असतं. पण सगळ्यांचा आकडा जवळजवळ एकच. म्हणजे काय, एकानं काढला आणि बाकीच्यांनी उचलला! सगळे एका माळेचे मणी. सरांनी तिथल्या तिथे सगळ्यांना शून्य दिलं. कुणी म्हणालं, सर, रंग आला म्हणून थांबलो. त्यावर सर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं.

त्या शून्यवाल्यांत सरांची सख्खी पुतणी होती, धाकट्या भावाची मुलगी. पोरगी अबोल, अभ्यासू. तिला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचं होतं आणि प्रात्यक्षिकात नापास झालेल्याला तिथे दारातसुद्धा उभं करत नाहीत. म्हणजे वर्ष पाण्यात. पण सर असले हट्टी, की पुतणी आहे म्हणून जास्तच ताठ झाले.

मुख्याध्यापिका बाई शांत स्वभावाच्या. गुण उद्या दुपारी पाठवायचे आहेत, तोवर पुन्हा विचार करा, असं त्या म्हणाल्या. मग जाताजाता सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "सर, चोरायचाच तर चुकीचा आकडा कशाला चोरतील सगळे?"

प्रश्न बरोबर वर्मी लागला आणि सरांचा राग दुप्पट झाला. तसेच तणतणत ते प्रयोगशाळेत गेले. तराजू शून्यावर आणून तपासला. ठीक होता. द्रावण ओतून टाकलं, नवं केलं. ब्युरेट उन्हाकडे धरून बघितली, तोटी गळते का पाहिलं, काच पुसली आणि पुन्हा पुसली. मग प्रयोग पहिल्यापासून केला. त्यांचा आकडा पुन्हा तोच! यात आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण पारा सरच दरवर्षी शिकवायचे, की बिघडलेला तराजू प्रत्येक वेळी तेच चुकीचं वजन दाखवतो, म्हणून नेहमी तेच येतं म्हणजे ते खरं असं समजू नका. ही शिकवण आज नेमकी त्यांच्यावरच उलटली. सगळी उपकरणं तपासून झाली होती. आता काय तपासू, माझं डोकं? असं ते रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले.

घरी गेले तर धाकटा भाऊ येऊन बसलेला. तो शिंपी. थोरल्या भावासमोर त्याचा आवाज कधी चढला नाही, तो आजही चढला नाही. पोरीनं कुणाचं बघितलेलं नाही, एवढंच सांगायला आलो, असं म्हणून तो उठला. दारात चपला घालताना त्याची नजर सरांच्या शर्टावर गेली आणि शिंप्याचीच नजर ती, तिथेच थांबली.

"दादा, हा गुलाबी शर्ट दुसऱ्याकडून शिवलास होय?"

"गुलाबी कुठला? पांढराच आहे की. तूच शिवलेला."

भावानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं छताकडे बघितलं. मग बिचारीनं सांगून टाकलं. धुण्यात लाल पडद्याबरोबर हा शर्ट गेला होता, त्याला पंधरवडा झाला. आता घर डोक्यावर घेतील म्हणून ती वाट बघत होती, पण हे चकार शब्द बोलले नाहीत. तिला वाटलं, चला, सुटले. शाळेतली पोरं हसत असतील, असंही तिच्या मनात आलं होतं. डोळे दाखवून घ्या म्हणून ती वर्षभर कानीकपाळी ओरडत होती, पण यांचं आपलं एकच, मला सगळं स्वच्छ दिसतं.

सर बाही खिडकीशी नेऊन बघत राहिले. पांढरी होती. बायकोवर ओरडायला त्यांनी तोंड उघडलं आणि पात्रातलं ते पाणी त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पोरं जिथे थांबली, तिथे त्यांना रंगच दिसला नव्हता. म्हणून ते पुढे थेंब सोडत राहिले होते.

काय सांगू, त्या माणसाचा किती जळफळाट झाला! पडद्यावर राग, शर्टावर राग, भावाच्या त्या शिंप्याच्या नजरेवर राग. जेवणाच्या ताटावरून ते तसेच उठले. वाट सोपी होती. उद्या मोठेपणा दाखवायचा, चला, यावेळी माफ केलं, म्हणायचं आणि सगळ्यांना पास करायचं. पोरीचं वर्ष वाचलं असतं आणि प्रयोगशाळाही हातात राहिली असती. कुणाला कळलंही नसतं. पण सगळ्या वर्गाच्या नावावर चोरी लागली होती आणि माफी दिल्यानं ती पुसली गेली नसती. हे त्यांना कळत होतं, आणि कळत होतं याचाच जास्त राग येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना आणि सगळ्या वर्गाला प्रयोगशाळेत बोलावलं. तोच गुलाबी शर्ट घालून आले होते. चेहरा असा, की पोरांना वाटलं, आता दुसरं शून्य. ब्युरेट भरली, पात्रात दर्शक टाकला आणि पुतणीला समोर उभं केलं.

"तोटी मी सोडतो. तू बघ. कधी थांबायचं ते तू सांगायचं."

पोरगी बावरली, पण उभी राहिली. थेंब पडत राहिले. मग ती हळूच म्हणाली, "थांबा, सर."

सरांना पात्रात निव्वळ पाणी दिसत होतं. अजून कुठे झालंय, असं अगदी ओठांवर आलं. आणखी एक थेंब सोडायला बोटं शिवशिवली. त्यांनी तोटी बंद केली. पुतणीनं गुडघे वाकवून आकडा वाचला. तो वर्गाचाच आकडा होता.

सर बाईंकडे वळून, भांडायला उठल्यासारख्या आवाजात म्हणाले, "यांनी चोरी केलेली नाही. मला हा रंग दिसत नाही. गुण सुधारून देतो, आणि प्रयोगशाळा दुसऱ्या कुणाकडे द्या."

एक पोरगंसुद्धा हसलं नाही. सरांनी पात्र उचलून उजेडाकडे धरलं, डोळे बारीक करून बघितलं आणि पुतणीला विचारलं, "रंग नीट आलाय का गं?"

"हो, सर. तुम्ही सांगता तसाच. जेमतेम."

सरांनी मान हलवली आणि पात्र तिच्या हातात दिलं.