बोरमाळ, चार किलोमीटर

मंचरहून डिंभ्याच्या पुढं जाणाऱ्या एसटीवर मी कंडक्टर आहे, सात वर्षं झाली. रत्नाच्या तोंडाला लागू नका, असं डेपोत नव्या माणसाला आधीच सांगून ठेवतात. पण घरी आबांपुढं माझं काही चालत नाही. आबा, म्हणजे माझे वडील खंडू, ह्याच रस्त्यावर मैलकुली होते. डिंभ्याच्या पुढचा आठ किलोमीटरचा तुकडा त्यांचा. खड्डे बुजवायचे, गटारं काढायची आणि अंतराचे दगड रंगवायचे. कळंबला नाशिकच्या राष्ट्रीय महामार्गावरचे दगड पिवळ्या टोपीचे; आमचा राज्यमार्ग, म्हणून आमची टोपी हिरवी. त्या हिरव्याचा आबांना कोण तोरा! जसा काही रस्ता त्यांच्या नावावर आहे.

पूर्वी हा रस्ता खालून, घोड नदीच्या कडेनं, आमच्या बोरमाळवरून जायचा. डिंभे धरण भरलं, बोरमाळ पाण्यात गेलं आणि रस्ता डोंगराच्या अंगानं वर चढवला. जुना रस्ता अजून फाट्यावरून सुटतो आणि खाली उतरून सरळ पाण्यात शिरतो. त्या फाट्यावर दगड होता, ‘बोरमाळ ४’. गाव गेलं तेव्हा मी तीन वर्षांची. मला तिथलं एक घर आठवत नाही की झाड आठवत नाही. माझं गाव म्हणजे तो दगडच.

तेव्हा बांधकाम खात्याचे साहेब म्हणाले होते, “खंडू, पुसून टाक ते. गावच राहिलं नाही.”

“व्हय सायेब,” आबा म्हणाले, आणि दर बुद्धपौर्णिमेला घरचा चुना नेऊन तो दगड रंगवत राहिले. रिटायर झाले तरी. त्या सुमारास पाणी उतरलेलं असतं. चहूकडं पांगलेली बोरमाळची माणसं खाली उघड्या पडलेल्या जोत्यांवर जमतात, वंदना घेतात, एकत्र जेवतात. त्यांना फाट्यावर ताजा रंगवलेला दगड दिसायला हवा, एवढाच आबांचा हट्ट.

मला मात्र त्या दगडानं लई छळलं. पुण्याकडच्या गाड्या तो वाचून खाली जायच्या, पाण्याला टेकायच्या आणि मागं येताना आमच्या एसटीला आडव्या व्हायच्या. “मॅडम, गाव कुठंय?” “पोहता येतं का?” मी विचारायचे. घरी आले की आबांवर घसरायचे. “खोटं कशाला लिहून ठेवता हो?”

“खोटं काय त्यात? चार किलोमीटरवरच हाय की.”

ह्या फाल्गुनात रस्ता रुंद करायला घेतला. एका दुपारी गाडीच्या खिडकीतून पाहिलं, तर जेसीबीनं दगड उचलला आणि भरावात टाकला. घंटीच्या दोरीकडं हात गेला आणि तसाच राहिला. गाडी भरलेली. काय सांगणार होते मी? थांबा, माझं गाव आहे ते?

आबांना आता नीट दिसत नाही. संध्याकाळी मी दारात आले की एकच प्रश्न. “दगड हाय ना गं?”

“हाय.”

दोन महिने रोज खोटं बोलले. पौर्णिमा आठवड्यावर आली तशी आबांनी ब्रश भिजत घातला, आणि मला रडूच फुटलं. मोरीत जाऊन रडले. मागून आई आली, जानकाबाई. सगळं ऐकून घेतलं आणि पायाखालच्या दगडाकडं बोट दाखवलं. “ह्यो घिऊन जा. बोरमाळच्या वढ्यातला हाय. धुणं काय, आता मशीन धुतंय.”

भाऊ नवनाथनं तो टेंपोतून नेला आणि फाट्यावर उभा पुरला.

पौर्णिमेच्या सकाळी आबांना त्याच्यापुढं बसवलं. त्यांनी दगडावरून हात फिरवला, परत फिरवला.

“ह्यो तर जानकाचा धुण्याचा दगड.”

“आबा, चुकले मी. जुना गेला. माझ्या डोळ्यांदेखत गेला.”

“कळलं व्हतं मला. दोन महिनं तू त्या दगडावरनं भांडली न्हाईस.”

मग त्यांनी चुना दिला, हिरवी टोपी चढवली. काळा रंग घेतला आणि ब्रश तसाच धरून राहिले. “रत्ना, अक्षरं कुठं हायती?”

आबा शाळेत कधी गेलेच नव्हते. जुन्या दगडावर नाव कोरलेलं होतं आणि इतकी वर्षं ते त्या खाचांमधून ब्रश फिरवत आले होते. आपल्या गावाचं नाव त्यांना लिहिता येत नव्हतं. आणि मी तर पहिली अक्षरं त्याच खाचांमध्ये बोट घालून शिकले होते.

मी त्यांचा हात हातात घेतला. बो. र. मा. ळ.

“आता आकडा,” मी म्हणाले.

“चारच. त्यात काय बदल व्हनार?”

‘ळ’ पार कलंडला होता. “नीट आलं का?” आबांनी विचारलं. “झ्याक आलंय,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर फाटा आला आणि मी दोरी ओढली. “बोरमाळ फाटा!”

ड्रायव्हर संपतभाऊंनी ब्रेक दाबला. मागं वळून पाहिलं, कुणीच उठलं नव्हतं. “कोण उतरतंय गं?”

“कुणी न्हाई भाऊ,” मी म्हणाले. “जरा थांबा.”