देवीसकट

कंटेनर यार्डातली माझी नोकरी गेली, तेव्हा मी देवावर रागावलो नाही, सरळ हिशेब मागितला. बी.कॉम. झालेला माणूस दुसरं काय करणार? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणालाही छाती पुढे काढून सांगतो. बाबांनी उभा जन्म दुसऱ्यांचे ट्रेलर चालवून मला शिकवलं, म्हणून मी यार्डात पंख्याखाली बसून कंटेनरचे कागद करत होतो. मग यार्डाचं काम दुसरीकडे गेलं आणि पंखाही गेला, खुर्चीही गेली. रोज संध्याकाळी एकवीरा आईच्या तसबिरीसमोर उभा राहून मनात म्हणायचो, आई, आम्ही कुठे कमी पडलो ते तरी सांग. उत्तर यायचं नाही. हळूहळू दिवा लावायला बायको एकटीच जाऊ लागली.

शेवटी स्वतःचा ट्रेलर घ्यायचं ठरवलं. नवा आवाक्यात नव्हता, आणि जुन्या गाडीवर कर्ज द्यायला कुणी राजी होईना. बायकोने पाटल्या काढून दिल्या, बाबांनी साठवलेलं दिलं, यार्डातून मिळालेली रक्कम मी घातली. सगळे मिळून बारा लाख झाले. त्यापलीकडे आमच्याकडे काही नव्हतं. हेवी लायसन्स बाबांच्या हट्टाने आधीच काढलेलं होतं. आमच्या नेरे गावात आळीतल्या एका काकाने टोमणा मारलाच, "स्टेरिंगच धरायचा व्हता तं कॉलेजात कशाला गेलास रे?" मी म्हटलं, "काका, टायर फुटला तर इंग्रजीत शिव्या देता याव्यात म्हणून." सगळे हसले, मीही हसलो. पण लागायचं तिथे लागलं होतं.

कळंबोलीच्या एका एजंटाने जो ट्रेलर दाखवला, त्याची मालकीण चिरनेरकडची एक काकी होती. नवरा आजारपणात गेला, तेव्हापासून गाडी एजंटाच्या आवारात उभीच होती. बाबांनी इंजिनाचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. त्यांची मान सहसा डोलत नाही, तेव्हा मला वाटलं, झालं आपलं काम. काकीने चौदा सांगितले, मी बारावर अडलो. टायर झिजलेत, स्प्रिंगचे पाटे बदलावे लागतील, फिटनेस सर्टिफिकेटला खर्च आहे, असं एकेक काढत मी घासाघीस करत राहिलो. ती साडेतेरावर आली आणि थांबली. वर जायला मला जागा नव्हती आणि खाली यायला तिला.

कॅबिनमध्ये समोरच्या काचेखाली सागवानी देव्हारा होता, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेला. आत एकवीरा आईचा मुखवटा. आमच्या भागात गाडी विकताना चावी द्यायच्या आधी देव उतरवतात. देव खाली आला की उरतं ते लोखंड, आणि भाव होतो तो लोखंडाचा. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी त्या क्षणी वैतागाने आणि जरा शहाणपणाने बोलून गेलो, "साडेतेरा घेता, तर देवीसकट द्या मग!"

काकीचा चेहरा उतरला. "माझ्या आईला भाव लावतोस?"

एजंट घाईने मध्ये पडला. "काकी, थट्टा केली पोराने."

"थट्टा माझ्याशी करायची. तिच्याशी नाय. जा तू, गाडी नाय द्यायची तुला."

परतताना बाबा बाइकवर माझ्यामागे बसले होते. पनवेल मागे पडल्यावर एवढंच म्हणाले, "बारा लाखांत आईलाबी बसवलीस काय रे?" त्यांनी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. घरी गेल्यावर म्हणाले, "गाडीचं ऱ्हाऊ दे. आईची माफी माग, त्या बाईचीबी माग."

त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मी स्वतः दिवा लावला. हिशेब मागायला तोंडच नव्हतं. म्हटलं, आई, गाडी मिळो न मिळो, माझी जीभ सांभाळ. मनात गाडी नव्हती असं म्हणणं खोटं होईल. होती. पण पहिल्यांदाच ती मागच्या रांगेत उभी होती.

सकाळी नारळ आणि मोगऱ्याची वेणी घेऊन एकटाच गेलो. एजंट फाटकातच म्हणाला, "आता येऊन काय उपयोग? चौदा देणारी पार्टी आलीय. फक्त कॅबिन मोकळी करून मागितलीय, दुपारी येतील." मी म्हटलं, माझं काम काकीकडे आहे, गाडीशी नाही.

काकी ट्रेलरच्या सावलीत स्टुलावर बसली होती, हातात स्क्रू-ड्रायव्हर. देवी उतरवायला आली होती, पण मनगटात तेवढा जोर नाही म्हणून खालीच थांबली होती. आजूबाजूच्या ड्रायव्हरांना विचारून झालं होतं. एकाचे हात ऑइलचे होते, एकाला नेमका फोन आला, आणि तिसरा म्हणाला, "काकी, मी कोल्हापूरचा, तुमची देवी मला ओळखत नाय." मी नारळ आणि वेणी पुढे केली, चुकलो म्हणालो. तिने ओंजळीत घेतलं, कपाळाला लावलं. मग स्क्रू-ड्रायव्हर माझ्यासमोर धरला.

मी वर चढलो. गाडी दुसऱ्याची होणार होती आणि मी तिची कॅबिन मोकळी करून देत होतो. वाईट वाटत होतं, पण हाताला काम मिळालं याचं बरंही वाटत होतं. खालचे दोन स्क्रू निघाले. वरचे हलेनात. तेल सोडलं, थांबलो, पुन्हा जोर लावला. तेव्हा लाकूड कर्रकन बोललं आणि माझा हात आपोआप मागे आला.

"काकी, अजून एक पीळ दिला तर देव्हारा फुटेल. तुम्ही सांगाल तसं."

ती स्वतः वर चढली, माझा हात धरून. नवरा गेल्यापासून ती त्या कॅबिनमध्ये आली नव्हती, हे मला नंतर कळलं. ड्रायव्हरच्या सीटवर बसून देवीकडे बघत राहिली. मग डोळे पुसत हसली. "त्यांनीच बसवली व्हती. बोलायचे, घाटात हलली नाय पायजे." थोड्या वेळाने म्हणाली, "नाय येत ती. आता ही गाडी मना विकता नाय येत." खाली उभ्या एजंटाने कपाळाला हात लावला. काकी माझ्याकडे वळली. "विकत नाय. देते. तुज्याकडं काय हाय ते दे."

"बाराच आहेत, काकी. वरचे मी पुढे कमावून..."

"वरचं बोलू नको. बाकी ऱ्हायली म्हंजे विकली झाली."

एजंट खालून ओरडला, "काकी, चौदाची पार्टी दुपारी येतेय!"

"येऊ दे. त्यांचा इसार नाय घेतला मी. त्यांनाच सांग स्क्रू काढायला."

बाबा नंतर म्हणाले, गाडी इतकी वर्षं उरणच्या बंदरात फिरली, तिथली हवा खारी, स्क्रू गंजतोच. मी वाद घालत नाही. गंज होता, मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला. पण तो कधीपासून चढत होता आणि कुणासाठी, हे माझ्या बी.कॉम.च्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. इतके दिवस मी घट्ट मुठीने मागत होतो, तेव्हा काही हाती लागलं नाही. मूठ उघडून दुसऱ्याच्या कामाला लावली, आणि आईने तिच्यात चावी ठेवली. याहून जास्त मला सांगता येत नाही, सांगायची गरजही वाटत नाही. बायकोच्या पाटल्या अजून परत व्हायच्यात, पण घरात रात्री शांत झोप लागते.

काढलेले दोन स्क्रू मी त्याच दिवशी परत बसवले. आता महिन्यातून दोन-तीनदा काकीचा फोन येतो. माझी चौकशी नंतर, आधी विचारते, "आई कुठं हाय रे आता?" मी गाडी बाजूला घेऊन सांगतो, "खोपोलीच्या खाली, काकी. हळू आणतोय." मग ती हमखास विचारते, "आणि जेवली काय?" त्यामुळे मला आधी आईपुढे खडीसाखर ठेवावी लागते. मगच माझा डबा उघडतो.