भाजणीतला काना

फोन आला तेव्हा मी बन्सीच्या चक्कीवर उभी होते. भाजणी अर्धी दळून झाली होती, अर्धी वर, आणि त्या घरघरीत ह्यांचा आवाज नीट कळेना. "विनू गेला," एवढंच, तेही तिसऱ्यांदा सांगितल्यावर समजलं. विनायक म्हणजे माझे धाकटे दीर. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते, लग्न केलं नाही, आणि राजधानीच्या वेशीवरच्या वैशाली वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी बंद करून घेतली होती ना, तीच त्यांची खोली. आदल्याच दिवशी इस्पितळात म्हणाले होते, "वहिनी, घरी आलो की थालीपीठ. दळून तयार ठेवा, नंतर सबबी नकोत." मी म्हटलं, "आधी उठून बसा, मग हुकूम सोडा." ...बन्सीनं चक्की थांबवली. मी म्हटलं, नको रे, पूरा पीस दे. अर्धी भाजणी घेऊन घरी कशी जाणार होते मी?

त्याला आता दीड महिना झाला. खरं तर भरल्या डोळ्यांनी लिहायला हवं, पण काय सांगू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी शिसारी येते. कशाची, ते पहिल्यापासून सांगते.

सरकारी क्वार्टर सोडून आम्ही वैशालीत आलो तेव्हा सगळीकडे शेतं आणि मध्येच उभे राहिलेले खांब. बाजारात मात्र एकेक परदेशी वस्तू यायला लागली होती. परदेशी बिस्किटं मिळायची, पण भाजणी दळून देणारा माणूस मिळायचा नाही. इथले चक्कीवाले म्हणायचे, "भुना हुआ नहीं पीसेंगे आंटी, पत्थर में बास रह जाती है." गणपतीत आम्ही मराठी बायका जमलो की हेच रडगाणं. कॅन्टोनमेंटमधल्या फौजी बायका तर सरळ गावाहून डबे मागवायच्या. भाऊजी कोपऱ्यात बसून ऐकायचे. मग सुटीच्या दिवशी स्कूटर काढून चक्क्या पालथ्या घालू लागले. प्रत्येकाला तेच पटवायचे: भाजणीनंतर दोन मुठी गहू टाक, दगड साफ होईल, ते पीठही आम्हीच नेऊ. काही हाकलायचे, काही वार ठरवून द्यायचे. बन्सीनं मंगळवार दिला.

आता हे सगळ्यांना कळवायचं कसं? तर भाऊजींनी जुने भाग जोडजोडून एक कॉम्प्युटर उभा केला, सायबर कॅफेतल्या पोरांचं डोकं खाऊन वेबसाईट बनवायला शिकले आणि कोणीतरी फुकट देऊ केलेल्या जागेवर ती चढवली. पैसे भरायचे ते फक्त साईटच्या नावाचे, वर्षाचे वर्षाला. फोटो एकही नाही. "मॉडेमला दम लागतो, वहिनी." मराठी अक्षरं लोकांकडे चौकोन चौकोन दिसायची, म्हणून ह्या माणसानं मथळे हातानं रेखून त्यांची छोटी छोटी चित्रं करून लावली. कुठल्या भागात कोण दळतो, कुठल्या वारी, एवढंच. खाली माझी कृती.

"उडीद किती?"

"मूठभर."

"वहिनी, कॉम्प्युटरला मूठ नसते. वाटीत सांगा."

नाव ठेवलं 'भाजणी'. आणि तिथंच फसले बिचारे! इंग्रजी अक्षरांत काना कुठून येणार? लोकांनी वाचलं 'भजनी'. मग काय, भजनी मंडळ समजून पत्रांवर पत्रं... माता की चौकी के लिए कितने कलाकार आएँगे, ढोलक आपका या हमारा. मी हसून हसून लोळायची. भाऊजी मात्र प्रत्येकाला उत्तर लिहायचे: क्षमा करें, हम गाते नहीं, पिसवाते हैं.

पण खरी पत्रंही यायची हो. पानिपतहून, कुठून कुठून. मानेसरला नवरा कारखान्यात असलेल्या एका नव्या सुनेनं लिहिलं, तर भाऊजी स्कूटरवरून तिकडे चक्की शोधायला निघाले. ह्यांनी टोकलं, "एका बाईसाठी एवढ्या लांब?" तर म्हणतात, "मग काय अर्ध्या बाईसाठी जाऊ, दादा?" एकदा एक प्रॉपर्टीवाला जाहिरात लावतो म्हणून दारात आला. त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "पिठात सिमेंट नको."

तर तेराव्याची गोष्ट. माणसं जमली होती. मी पुतण्याला म्हटलं, भाऊजींचं काम सगळ्यांना दाखव रे. त्यानं साईट उघडली आणि समोर आला निळाशार पोहण्याचा तलाव! मला वाटलं, चुकलं काहीतरी. खाली बघते तर माझी कृती. माझे शब्द. दोन वाट्या ज्वारी, एक वाटी बाजरी, तीन बेडरूम, धणे, जिरे, चोवीस तास सिक्युरिटी... पुन्हा वरपासून वाचलं, तेच. पुतण्यानं समजावलं, की साईटच्या नावाची मुदत संपली, आठवणीची पत्रं काकांच्या मेलवर गेली, आणि काका तर कित्येक महिने पलंगावर. अशी बेवारस होणारी नावं टिपायला लोक टपूनच असतात म्हणे. कृती तेवढी ठेवली, कारण ती शोधत बायका येतात. त्या बायकांना फ्लॅट विकायचे!

आणि आमचे नातेवाईक? चुलत दीर प्रभाकर, हातात तेराव्याचा लाडू, चष्मा सारून पडद्यावर वाकले. "वहिनी, लोकेशन बरं आहे हो. पझेशन कधी देतायत?" मागून दोघीतिघी पुढे सरकल्या. शेजारी भाऊजींचा फोटो, त्याला हार, आणि ह्या लोकांची चर्चा किचन मॉड्युलर आहे का! किळस कशी असते ते मला त्या दिवशी समजलं.

मी तिथल्या नंबरावर फोन लावला. "मॅडम, टू बीएचके देखेंगी या थ्री?" म्हटलं, ये जगह मेरे देवर की है, वो गुज़र गए. "सो सॉरी मॅडम," आणि एक श्वासही न घेता, "सीनियर सिटिझन के लिए स्पेशल स्कीम है." ठेवलाच मी फोन. नाव परत नाहीच मिळालं. मानेसरची ती सून, आता तिची मुलगी शाळेत जाते, फोनवर विचारत होती, "काकू, काकांचं पान कुठं गेलं हो?" काय सांगू तिला?

पुतण्या म्हणतो, नव्या नावानं बनवू, फोटो टाकू, यार काकू, सगळे टाकतात. म्हटलं, फोटो नकोत, आणि तू बनवू नको, मला शिकव. शिकतेय.

गेल्या मंगळवारी बन्सीकडे गेले. त्याच्या दारावर एक पाटी आहे. पेंटरनं लिहिलं होतं, 'यहाँ भजनी पीसी जाती है'. भाऊजींनी ब्रश मागून घेऊन न चा ण केला आणि भ आणि ज च्या मध्ये दाटीवाटीनं एक काना बसवला होता. बघते तर पाटीच्या अर्ध्यावर कागद चिकटवलेला. निळाशार तलाव! इथंसुद्धा!! मी डबा खाली ठेवला, बन्सीकडून पाणी घेतलं आणि नखांनी खरवडायला लागले. "आंटी, छोड़िए, मैं करता हूँ," म्हणत तोही गमछा ओला करून आला. लगदा होऊन तलाव सुटत गेला, तसा आधी भ दिसला, मग ज.

आणि मधोमध तो काना. पट्टीनं ओढल्यासारखा, सरळ.

बन्सीनं चक्की सुरू केली. भाजणी संपल्यावर, मी काही न सांगता, त्यानं दोन मुठी गहू टाकले.