कुसुमचा निरोप

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, आणि तो बिचारा न ऐकताच गेला. देवापुढं बसते तेव्हाही त्याला बाकीचंच सांगते — गुडघे, सुनेची धुसफूस, मांजराचे प्रताप. एवढं एक गाळून. त्याला ठाऊक असणारच म्हणा. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडानं सांगणं वेगळं, नाही का?

नातवंडं म्हणतात, आजी लय खोडकर, कुणाला भीत नाही. त्यांनी शिराळ्यातली ती थोरली सून, म्हणजे तेव्हाची मी, पाहायला हवी होती! सासूबाई नुसत्या खाकरल्या तरी हिच्या हातातलं पीठ सांडायचं. आणि उंबरा ओलांडला की हीच बया गावाला शहाणपण वाटत फिरायची. वडूजची लेक, मॅट्रिक पास — म्हणजे तिच्या हिशेबी कलेक्टरच.

कुसुम माझी धाकटी जाऊ. दीर फौजेत, पदरी एक मुलगी, दुसऱ्याची आस लागलेली. तिला पाळी नसतानाही मधेच अंगावरून लाल जायचं. आमच्याकडं तेव्हा तसं झालं की बाईनं बाहेर बसायचं — परड्यातल्या खोलीत, कशाला न शिवता. कुसुमचे बसायचे दिवस वाढत गेले आणि चुलीपुढं मी एकटी. घरभराच्या भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात काय यायचं, सांगू? सोंग करते. कामचुकार.

अशात आरोग्य केंद्रात बायकांची तपासणी निघाली. गर्भाशयाच्या तोंडाशी काडी फिरवायची, काचेवर पुसायची आणि काच सांगलीला पाठवायची — एवढंच. मी कुसुमला घेऊन गेले. मायेनं? छे. तिचं सोंग उघडं पडावं म्हणून. एकटी यायला लाजेल, म्हणून मीही तपासून घेतलं. सासूबाईंना सांगितलं, पंचमीच्या बांगड्या भरायला जातो. येताना कासाराकडं खरंच भरल्या. घरात शिरताना मी हात उगाचच वाजवत होते — किती हुशार, बघा!

गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या तेव्हा केंद्रातल्या नर्सबाई मागल्या दारी आल्या. कुसुम परड्यात बसलेली. सासूबाई पडवीत वाती वळत होत्या. नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं ठीक आहे. पण कुसुमताईंच्या पेशी बदललेल्या दिसतात. कॅन्सर नाही हा, घाबरवू नका. अंगावर काढलं तर मात्र पुढं होऊ शकतो. सांगलीला नेऊन पुन्हा तपासून घ्या, आत्ता इलाज छोटा आहे. सांगाल ना?"

मी मान हलवली. चांगली ठसठशीत हलवली.

त्या गेल्या, आणि खोलीच्या दाराआडून कुसुमनं विचारलं, "आक्का, काय म्हणाल्या बाई?"

पडवीतली वात थांबली होती. मला दिसत नव्हतं, पण थांबलेली वातही ऐकू येते हो. आता बोलले तर चोरून गेलो ते उघडं पडणार, लहान जावेला टेबलावर निजवून आणलं म्हणून माझाच उद्धार होणार. आणि आत कुठंतरी हेही होतं — सोंग नव्हतं तर. खोटी पडले ती मीच.

"काय न्हाई," मी म्हणाले. "समदं ठीक हाय."

उद्या सांगेन, असं मनाशी म्हटलं. मग गौरी जाऊ देत. मग दसरा. पण उद्या सांगायचं तर काल का नाही सांगितलं, याला काय उत्तर? रोज तो प्रश्न अंगुळभर वाढायचा. घर तेच, माणसं तीच, आणि मी उंदरासारखी पिंजऱ्यात. तेही दार मी माझ्या हातानं पाडलेलं. नर्सबाई बाजारात भेटल्या, तर मी हसून सांगितलं, नेलं होतं सांगलीला, बरी आहे. दुसरं दारही लावून घेतलं.

आणि कुसुम? ठीक आहे म्हटल्यावर तिनं लाल जायचं लपवायला सुरुवात केली. खोलीत बसेना, चुलीपुढं येऊन बसायची, हसत भाकऱ्या थापायची. माझं काम हलकं झालं. ते सुख मी घेतलं. हे वाक्य लिहिताना हात अडतो, पण घेतलं.

वर्ष उलटून गेलं. दीर सुट्टीवर आले तेव्हा ती चालताना भिंत धरत होती. सांगलीला नेलं. कॅन्सर निघाला. पिशवी काढली, मग विजेचा शेक. जीव वाचला. दुसऱ्याची आस तिथंच संपली.

दीर नर्सबाईंना जाब विचारायला गेले, मला साक्षीला घेऊन. त्या म्हणाल्या, मी या बाईंकडं निरोप दिला होता. दीर माझ्याकडं वळले. "वैनी?"

दार पुन्हा उघडलं होतं, ध्यानात येतंय? एक शब्द पुरे होता.

"न्हाई बा," मी म्हणाले. "ठीक हाय, असंच सांगितलं मला."

नर्सबाईंनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. पुढं त्यांची बदली झाली — मागितली की केली, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

कुसुम अजून आहे. मुलीकडं माधवनगरला असते, पण पंचमीला येतेच. आली की कासाराला दारात बोलावते. पोरीबाळींना गोळा करून दरवर्षी सांगते, "ह्या आक्कानं मला चोरून तपासायला न्हेलं हुतं गं. त्या बाईनंच घोळ केला, न्हाईतर..." मग, नवरा गेला तरी मला हात मोकळे ठेवू देत नाही; माझ्या बांगड्यांचे पैसेही तीच देते, मला देऊ देत नाही.

मी हात पुढं करते. कासार भरतो.