उपासाचं दूध

लोणावळ्याजवळ डोंगरउतारावर ख्रिस्ती नन्सचा एक मठ आहे. आत अकरा सिस्टर राहतात. एकदा आत गेलेली बाहेर येत नाही आणि बाहेरच्याला आत प्रवेश नाही. दारालगत भिंतीत लाकडाचं एक फिरतं कपाट बसवलंय. त्यात किटली ठेवून कपाट फिरवलं की किटली आत जाते. खालच्या वस्तीवरच्या सावित्राबाईने बावीस वर्षं असं दूध घातलं आणि एकाही सिस्टरचं तोंड पाहिलं नाही. गुडघे गेल्यावर, गेल्या दिवाळीत, तिने किटली सुनेच्या हातात दिली.

ही सून म्हणजे माझी शेजारीण येसूबाई. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सवड देत नाही, आणि नेमकं तिच्या नशिबी भिंतीशी बोलणं आलं. पण तिने भिंतीलाही बोलतं केलं. पलीकडे सिस्टर लूसी असायची. दोघींच्या रोज गप्पा. सगळ्यात म्हाताऱ्या सिस्टर अॅग्नेस मात्र कधीच बोलत नसत. त्यांच्या काठीचा आवाज आला की येसूबाई ओरडे, "आजी, बऱ्या हायसा का?" आणि त्या उत्तरादाखल भिंतीवर काठी आपटत.

एप्रिलातल्या एका गुरुवारी लूसी म्हणाली, "उद्या आमचा मोठा उपास."

आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाणा आणि दूध. बिचाऱ्यांना दुसरं काय चालणार, म्हणून शुक्रवारी सकाळी येसूबाईने घरचंही दूध किटलीत ओतलं. त्या दिवशी कपाटापलीकडून कुणी बोललं नाही. प्रार्थनेत असतील, असं समजून ती परतली.

अकराच्या सुमाराला गोठ्यातली कपिली गाय थरथरत खाली बसली. तोंडाला फेस. येसूबाईचा नवरा दत्ता धापा टाकत आला. "वाटंवरच्या बंगल्यामागं माळ्यानं कण्हेर छाटून टाकलीया. काल सांजच्याला गाय तितंच चरत हुती."

कण्हेर म्हणजे जहर, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. आणि कपिलीचं सकाळचं दूध सगळं मठात गेलं होतं.

मठाचा फोन नंबर कुणाकडेच नव्हता. पण बाराला मठाची घंटा होते, तिच्यावरच आमची वस्ती जेवायला बसते. घंटा झाली म्हणजे सगळ्या धड आहेत, असं म्हणत ती उंबऱ्यावर कान देऊन बसली. बारा वाजले. सव्वाबारा झाले. घंटा झाली नाही.

ती चप्पल न घालताच चढ चढायला लागली. मी मागे धावले. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात भीती होती ती पोलिसांची. वस्तीचं काय होईल, आम्हाला कोण सोडवेल, हेच डोक्यात. येसूबाई मात्र सारखी एवढंच म्हणत होती, "अकराजणी गं. अकराजणी."

तिने दारावर मुठी आपटल्या. "लूसीताई! दूध पिऊ नगा!" आत चिडीचूप. तिने कपाट फिरवलं. सकाळची किटली समोर आली, जवळजवळ भरलेली.

मग आतून लूसीचा दबका आवाज आला. "येसूबाई, आज आमच्या प्रभूच्या मरणाचा दिवस. आज आम्ही बोलत नाही, घंटा वाजवत नाही, दूधही घेत नाही. काय झालं?"

येसूबाईने अडखळत कण्हेरीचं सांगितलं.

"अॅग्नेस सिस्टरना उपास झेपत नाही," लूसी म्हणाली. "त्यांना सकाळी कपभर दूध दिलंय. तेव्हापासून त्या झोपल्यात."

पावलं पळत आत गेली. आम्ही भिंतीला कान लावून उभ्या राहिलो. येसूबाईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की हाताला मुंग्या आल्या. मी नको नको ते मनात आणत होते. आत एक दार वाजलं, कुणीतरी हाका मारत होतं, मग तेही थांबलं.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मग फरशीवर काठीचा आवाज आला. हळूहळू जवळ आला.

"आजी!" येसूबाई ओरडली. "बऱ्या हायसा का?"

भिंतीवर काठी आपटली. येसूबाई हुंदके देऊन रडायला लागली. आणि बावीस वर्षांत आमच्या वस्तीने कधी न ऐकलेला एक बारीक, थकलेला आवाज त्या मौनाच्या दिवशी कपाटातून आला.

"पोरी, तुझी गाय कशी आहे?"