रंगाला वजन असतं

२०२४ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्या दिवशी सकाळी परळच्या आमच्या चाळीत वरच्या माळ्यावरून तांबे वहिनींची हाक आली, "पेंटर, जरा वर या." आवाज ऐकला आणि मी तसाच अनवाणी जिना चढलो. तांबे सर गॅलरीतल्या टेबलाशी खुर्चीत बसले होते. मान जराशी कललेली, बोटांत पॉलिश पेपरचा तुकडा, पुढ्यात बिनरंगाचं रॉकेट. चहा निवला होता. डॉक्टर आले ते नुसते कागद करायला. काम करता करता माणूस गेला... असं जाणं मलाही चालेल.

सर म्युनिसिपालटीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचे कितीतरी विद्यार्थी आले, केस पिकलेले. कुणी त्यांच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी त्यांच्या वाचनाबद्दल. रॉकेटबद्दल एक अक्षर कुणी बोललं नाही. कुणाला माहीत असणार म्हणा. म्हणून हे मी लिहितो आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन छापणाऱ्यांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

माझी सगळी हयात लालबागच्या एका गॅरेजात काळ्या-पिवळ्या टॅक्स्या रंगवण्यात गेली. माझ्या हातची गाडी लांबून ओळखू यायची, हे मी सांगतो असं नाही, ड्रायव्हर लोक सांगायचे. पुढे गॅरेजची जागा विकली गेली आणि मी घरी बसलो. गॅलरीत उभं राहायचं, खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांच्या रंगाला नावं ठेवायची, एवढाच धंदा उरला. त्यात एक दिवस सर हातभर लांबीची पुठ्ठ्याची नळी घेऊन खाली आले. नळीच्या बुडाशी पंखासारखे तीन पर, वर लाकडाचं निमुळतं नाक.

"पेंटर, ह्याला रंग द्याल?"

"मी खेळणी रंगवत नाही, सर."

"खेळणं नाही हो. वाहन आहे."

वाहन म्हटल्यावर मला हात लावून बघावंच लागलं. सरांनी समजावलं. पाइपावर चार्ट पेपर गुंडाळून नळी करायची. बाल्सा नावाचं कापसासारखं हलकं लाकूड असतं, ते घासून नाक आणि पर करायचे. आत पातळ प्लॅस्टिकची छत्री, बुडात बोटाएवढी, फटाक्याच्या दारूची कांडी. लांबून बॅटरीचं बटण दाबलं की कांडी पेटते, रॉकेट वर जातं, वर छत्री उघडते आणि ते तरंगत खाली येतं. रिटायर झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग. कांड्या ते ओळखीच्या एका छंदवाल्याकडून मिळवायचे. मी नळी घरात आणली तर आमची मंडळी म्हणाली, "ह्या वयात तुमका पोरांचे खेळ सुचतत?" मी म्हटलं, "वाहन आहे."

पहिल्याच दिवशी घोटाळा केला. आमच्या धंद्यात घासायचं म्हणजे पाणी सोडत घासायचं, त्याशिवाय पत्र्याला फिनिशिंग येत नाही. मी खाचा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, सुकवली, आणि हाताच्या सवयीनं मग्यातलं पाणी सोडत वॉटर पेपर मारायला लागलो. नळी चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. सरांनी ती उलटसुलट करून पाहिली. "टॅक्सी पत्र्याची असते, पेंटर," एवढंच म्हणाले, आणि दुसरी नळी करून आणली.

दुसऱ्या नळीवर मी जीव ओतला. लांबी, प्रायमर, खाली काळा, वर पिवळा, त्यावर चकाकी. अस्सल मुंबईची टॅक्सी. ते घेऊन आम्ही सरांच्या गावी गेलो, राजापूरच्या पुढे. मुंबईत उडवायला जागा कुठे आहे? तिथे गावाच्या डोक्यावर कातळाचा सडा आहे, भाताची कापणी झाल्यावर नुसतं मोकळं रान. पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवायचं, म्हणजे कुणी घाबरायला नको. सरांनी बटण दाबलं. रॉकेट माडाच्या उंचीपर्यंत गेलं, तिथे त्याला धाप लागली आणि ते वळून करवंदीच्या जाळीत घुसलं.

"मीटर पडायच्या आधीच गिऱ्हाईक उतरलं," सर म्हणाले.

माझा चेहरा पडला होता. परत येताना त्यांनी सांगितलं, "रंगाला वजन असतं, पेंटर." इतकी वर्षं रंग मारला, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. टॅक्सीला काय, इंजिन ओढायचं.

मग मी हट्टाला पेटलो. सरांकडे सोनाराकडे असतो तसला छोटा काटा होता. रंगाआधी रॉकेट काट्यावर ठेवायचे, रंगानंतर पुन्हा ठेवायचे, आणि नुसतं माझ्याकडे बघायचे. की मी ते घेऊन खाली. घासून पुन्हा. लांबी सोडली, पाण्यासारखा पातळ हात मारायला शिकलो, तो सुकेपर्यंत थांबायला शिकलो. म्हाताऱ्या माणसाच्या कामाला सगळे नुसतं छान छान म्हणतात. सर परत करायला लावायचे. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

भांडणंही झाली. एकदा पांढऱ्यावर लाल पट्टा ओढलेलं रॉकेट असं उतरलं, की त्यात बघून दाढी करावी. मी म्हटलं, हे उडवायचं नाही, शोकेसमध्ये ठेवायचं.

"तुम्ही टॅक्सी रंगवून गॅरेजात ठेवायचात का?"

"टॅक्सी परत यायची, सर."

"हे पण येतं."

"येताना ठोकून येतं."

"टॅक्सी काय न ठोकता यायची?"

मी बरेच दिवस वर गेलो नाही. त्यांनी ते उडवलंच. नाक मोडून आलं, आणि मोडलेलं नाक घेऊन स्वतः खाली आले, हसत. अशी किती रॉकेटं गेली. काही जाळीत, काही वाऱ्यावर, एक तर विहिरीत. ठेवलेलं एकही नाही.

कार्यक्रमानंतर वहिनींनी मला वर बोलावलं. टेबलावरचं ते शेवटचं रॉकेट माझ्या हातात दिलं. "छान रंगवून द्या, पेंटर. ह्यांच्या फोटोखाली ठेवते." कांड्यांच्या डब्यात एकच कांडी उरली होती, तीही मी पाहिली.

"वहिनी, हे उडवायला केलंय."

"मला सांगताय? संसार मी केला त्यांच्याबरोबर." मग हळूच म्हणाल्या, "आणि जाळीत गेलं तर? त्यांच्या हातचं दुसरं काय आहे माझ्याकडे?"

गंमत बघा, शोकेस शोकेस मी करायचो, आणि आता कुणी शोकेसमध्ये ठेवू म्हटलं तर मलाच ते पटेना. सरांनी त्याचे पर किती बारीक घासले होते... कडेला बोट लावलं तर कळायचं नाही कुठे लाकूड संपलं. असं कुणी फोटोखाली ठेवायला घासत नाही.

वाद घालायचा नाही असं ठरवलं. मी रंगवलं. एकच पातळ हात, निळा, सरांच्या शर्टाचा असायचा तसा. त्यांच्याच काट्यावर ठेवून पाहिलं, आणि वर नेऊन वहिनींच्या हातात दिलं.

"रंग दिलात ना? वजनच लागत नाही."

"सरांना असंच लागायचं."

त्या ते हातात धरून कितीतरी वेळ गॅलरीत बसल्या. तळहातावर आडवं घेतलं, जरा वर उडवल्यासारखं केलं, पुन्हा धरलं. मी जायला उठलो तर म्हणाल्या, "उडवायचं तर मग मी पण येणार. बटण मी दाबणार. आणि जाळीत शोधायला तुम्ही जायचं, मी नाही."

सरांच्या गावी सड्यावर पोचलो तेव्हा वारा पडला होता. मी तार जोडली, मागे आलो, बॅटरी वहिनींच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं आणि मग उघडले. फुस्स करून ते सरळ वर गेलं, सरळ म्हणजे ओळंब्यात. इतकं वर, की निळ्यात निळं दिसेना. मी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून शोधायला लागलो. आणि मग पांढरी छत्री दिसली, लांब, डुलत डुलत. मी पळालो म्हणायला हरकत नाही. करवंदीच्या जाळीच्या अलीकडे, कातळावर पडलं होतं. एक पर निखळलेला, पोटाला लांब ओरखडा. आणून दिलं तसं वहिनींनी ते पदरानं पुसलं आणि उराशी धरलं. "आलं हो," म्हणाल्या.

कांडी आता एकही उरली नव्हती. रॉकेट मुंबईला जाऊन फोटोखालीच बसणार होतं. आज ते तिथेच आहे, येणारा जाणारा विचारतो आणि वहिनी सांगतात.

पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी सकाळी, सरांच्या गावच्या घराच्या पडवीत मी हत्यारं मांडून बसलो. निखळलेला पर चिकटवला, सांधा कोरड्या पेपरनं घासला. ओरखड्यासाठी निळ्या रंगाची डबी उघडली. ओरखड्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि झाकण परत घट्ट लावलं.