धूर जाळणारे मेस्त्री

सुलभाचा फोन आला तेव्हा शारजातल्या आमच्या इमारतीखाली मी गाडी लावत होते. नंबर भारतातला, अनोळखी. "मॅडम, मी सुलभा. दत्ताराम मेस्त्रींची मुलगी. बाबा गेले." गेल्या मंगळवारी, कुडाळच्या दवाखान्यात. फुप्फुसं निकामी झाली होती, वर्षभर ऑक्सिजनवरच होते. मी काही बोलायच्या आत तिनेच पुढे सांगितलं, "डॉक्टर शेवटपर्यंत विचारत होते, रोज किती विड्या ओढायचे म्हणून. मॅडम, तुम्हाला तर ठाऊक आहे... बाबांनी कधी विडी हातात धरली नाही." मला ठाऊक होतं. बारा माणसांच्या कारखान्यात विडी-सिगारेटला हात न लावणारे ते एकटेच होते, आणि धुरात उभे राहणारेही ते एकटेच.

शेजारी बसलेल्या ईराने कानातले इअरफोन काढले. "हू डाइड, मम्मा?" म्हटलं, मेस्त्री काका. मी जुन्या कंपनीत होते ना, तिथे स्टोव्ह बनवायचे. लाकडावर चालणारे, घर गरम ठेवायचे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बट हू नीड्स दॅट हिअर?" बाहेर बेचाळीस अंश होतं. तिला काय उत्तर द्यावं ते तेव्हा मला सुचलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

आमचा कारखाना उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात होता. दोन पत्र्याच्या शेड, एक कंटेनरचं ऑफिस आणि मागे नुसती वाळू. इंग्लंडमधली एक कंपनी आमच्याकडून लोखंडी स्टोव्ह करून घ्यायची. गुडघ्याएवढी पेटी, पुढे काचेचं दार, वर धुराडं. तिकडच्या कित्येक शहरांत घराच्या धुराड्यातून धूर सोडायला बंदी आहे. लाकूड जाळायचंच असेल तर धुराच्या चाचणीत उतरलेला स्टोव्ह घ्यावा लागतो. मंजुरी त्या कंपनीच्या नावावर होती. आम्ही प्रत्येक खेपेतला एक स्टोव्ह पेटवून बघायचा आणि त्याचा फॉर्म भरून पाठवायचा. पेटवायचं काम मेस्त्रींचं, फॉर्मवर सही माझी. पुण्याहून येऊन मला वर्षच झालं होतं. 'क्वालिटी इंजिनिअर' असं दारावर लिहिलेलं असलं तरी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती.

मेस्त्री मूळचे वेल्डर. वीस वर्षं आखातात काढलेली. माणूस गोड मुळीच नव्हता. हाताखालच्यांवर असे खेकसायचे की एक बांगलादेशी फिटर दोनदा नोकरी सोडायला निघाला होता. दुपारी सुक्या बांगड्याचा डबा उघडायचे आणि ऑफिसातली सगळी माणसं बाहेर जायची. मला पहिले सहा महिने ते फक्त "मॅडम" म्हणाले, तेही नाइलाजाने. माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या आहेत हे कळल्यावर मात्र एकदम "बाय" वर आले, आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धा बांगडा माझ्यासाठी यायला लागला.

चाचणीच्या शेडमध्ये उन्हाळ्यात उभं राहवत नसे. बाहेर पंचेचाळीस, आत पेटलेला स्टोव्ह. मेस्त्री लाकडं वजन करून घालायचे, दार लावायचे आणि सरळ बाहेर उन्हात जाऊन धुराड्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी एकदा विचारलं, आग आत आहे, तुम्ही बाहेर काय बघता? तेव्हा त्यांनी मला हाताला धरून काचेसमोर बसवलं. "धूर म्हणजे काय गो बाय? न जळलेला लाकूडच ता. भायर जाता म्हणजे फुकट जाता." मग स्टोव्हच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. ती भिंत दुहेरी होती. दोन पत्र्यांमधून वर चढताना हवा तापायची आणि वरच्या बारीक भोकांच्या रांगेतून आत यायची. "हयसून गरम हवा गावली की धूरच पेट घेता. बघ." मी बघितलं. लाकडाच्या बऱ्याच वर, जिथे जळायला काहीच नव्हतं तिथे, ज्वाळा लटकत होत्या. बाहेर जाऊन बघितलं तर धुराड्यावर फक्त हवा थरथरत होती. त्यांचं तोंड तेव्हा मी पहिल्यांदा हसरं पाहिलं.

मंदीच्या आधीच्या उन्हाळ्यात एक ईमेल आली. त्या कंपनीने आमच्याकडे पुढे पाठवलेली, इंग्लंडमधल्या एका बाईची. जुन्या चाळीसारख्या एकमेकांना चिकटलेल्या घरांत राहणारी, मुलाला दमा. तिच्या भागात धूरबंदी होती. मोठा स्टोव्ह घेऊ की छोटा, असं विचारलं होतं, आणि शेवटी एक ओळ होती : तुम्ही बनवणारे लोक स्वतःच्या घरात यातला कुठला ठेवाल? मॅनेजर म्हणाला, "कुछ पोलाइट-सा लिख दो." मी ते पत्र मेस्त्रींना वाचून दाखवलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. कोणा गिऱ्हाइकाने आजवर त्यांना काही विचारलं नव्हतं. "खोली केवढी, ता इचार आधी," म्हणाले. खोली लहानच होती. "मग छोटो. मोठो घेतल्यान तर खोली तापतली, मगे ती हवा बंद करून आग दाबून ठेयतली. दाबलेली आग धूरच सोडता. छोटो घे म्हण, आणि चांगलो पेटव. लाकूड दोन वर्षां सुकलेला. ओला लाकूड घातल्यान तर आमची मेहनत पाण्यात." मी ते सगळं इंग्रजीत लिहिलं. आठवड्याने तिचं उत्तर आलं. छोटा मागवला होता, हिरव्या रंगाचा, दिवाळीनंतरच्या खेपेत जाणारा. त्या खेपेतले बाकी सगळे काळे होते.

पुढे काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच माझ्या नवऱ्याच्या, अनिरुद्धच्या, कंपनीने अख्खा विभाग बंद केला. तो दुबईत टॉवरचे आराखडे करायचा. ते टॉवर आहेत तिथेच थांबले. ईरा तीन वर्षांची होती. घर माझ्या पगारावर आलं. आमच्या मजल्यावरची चार कुटुंबं एका महिन्यात गेली. जाताना लोक दारात फ्रिज ठेवून जायचे, कोणालाही न्या म्हणून. त्याच महिन्यात इंग्लंडहून निरोप आला : ऑर्डर अर्धी, आणि किंमत उतरवा, नाहीतर दुसरीकडे करून घेऊ. मॅनेजरने आराखडा पुढ्यात घेतला आणि मागच्या दुहेरी भिंतीवर लाल रेघ मारली. एक पत्रा, ती भोकं, त्याचं वेल्डिंग, सगळं वाचणार होतं. बाहेरून स्टोव्ह तसाच दिसणार होता.

मेस्त्रींनी पहिला नवा स्टोव्ह पेटवला त्या दिवशी मी बाहेरच होते. धुराड्यातून करडा धूर निघाला आणि वाऱ्याने आमच्याच अंगावर आला. ते खोकत म्हणाले, "ह्यो पास नाय." मॅनेजरने त्यांना काही सांगितलं नाही, मला आत बोलावलं. "फॉर्म पर पुराना रीडिंग डालो. कंटेनर गुरुवार को निकलना है. ऑर्डर गया तो फॅक्टरी खलास, हम सब घर. समझ रही हो ना?" मला सगळं समजत होतं. घरी अनिरुद्ध दिवसभर टीव्ही लावून बसायचा आणि आवाज बंद ठेवायचा. मी पेन मागितलं. चाचणी करणाऱ्याचा, म्हणजे मेस्त्रींच्या सहीचा, रकाना रिकामा ठेवून मी माझी सही केली, आणि संध्याकाळी तो रकानाही मीच भरला.

त्यांना ते कळलं असावं. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत शेडमधून वेल्डिंगचा आवाज येत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला मागे नेलं. हिरवा स्टोव्ह उघडून ठेवला होता. जुन्या, नापास झालेल्या पेट्यांमधून पत्रा कापून त्यांनी त्याची मागची भिंत पुन्हा दुहेरी केली होती. भोकांची रांग आखल्यासारखी सरळ. "सगळे माझ्या हातात नाय," म्हणाले. "पण त्या पत्रवाल्या बायेक आपण शब्द दिलो हा."

कोणीतरी मॅनेजरच्या कानावर घातलंच. परवानगीशिवाय मालाला हात लावला, पत्रा चोरला, असं म्हणत त्याने मेस्त्रींना दुसऱ्याच दिवशी कमी केलं. पासपोर्ट आणि तिकीट हातात देऊन एअरपोर्टला सोडणारी गाडी गेटवर उभी होती. वीस वर्षांचं सामान एका बॅगेत आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मावलं. मी गेटपर्यंत गेले. मला वाटलं होतं, शिव्या देतील. ते म्हणाले, "बाय, तो हिरवो तेवढो नीट जाऊ दे हां." मी हो म्हटलं.

गाडी वळल्यावर अर्ध्या तासात मॅनेजरने हिरवा स्टोव्ह टेबलावर घ्यायला लावला. "एक अलग निकला तो बाकी पे सवाल उठेगा." त्या बांगलादेशी फिटरने ग्राइंडर हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि थांबला. मी काही तरी बोलेन अशी तो वाट बघत असावा. मी बोलले नाही. ठिणग्या उडाल्या, आतला पत्रा सुटला आणि खाली पडला. मग दार लावून, पुसून, प्लॅस्टिक गुंडाळून तो बाकीच्यांबरोबर खोक्यात गेला. त्या बाईचा ईमेल पत्ता माझ्याकडे होता. दोन ओळी पुरल्या असत्या. कित्येक दिवस मी त्या दोन ओळी मनात लिहीत राहिले... आणि नोकरी टिकवली. वर्षभराने कारखाना तरीही बंद पडला. तेव्हा मी एकदाची ईमेल पाठवली. पत्ता चालू नाही, असं सांगत ती परत आली. त्या मुलाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मेस्त्रींना मी त्यानंतर एकदाच भेटले, गेल्या मे महिन्यात. वेंगुर्ल्याला सासरी गेले होते, तिथून मुद्दाम त्यांच्या गावी गेले. पडवीत खाटेवर बसले होते, नाकात नळी, शेजारी घुमणारं यंत्र. एवढा खेकसणारा माणूस, आता दोन शब्दांमध्ये थांबत होता. काय झालं ते सगळं सांगायचं असं ठरवूनच मी गेले होते. गाडीत वाक्यंही जुळवली होती. पण तेच आधी म्हणाले, "बाय... तो हिरवो... गेलो मा नीट?" त्यांच्या डोळ्यांत शंका नव्हती, नुसती उत्सुकता होती. मी म्हटलं, "गेला. तुम्ही केला होता तसाच." त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ श्वास घेत बसले. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "आयकलंस? मी म्हणत होतंय मा."

सुलभाच्या फोननंतर तीन आठवड्यांनी मी पुन्हा त्या घरी गेले. पडवीतली खाट उभी करून ठेवली होती, यंत्र ज्याचं त्याला परत गेलं होतं. वहिनींनी, मेस्त्रींच्या पत्नीने, मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. कोपऱ्यात मेस्त्रींनी परत आल्यावर केलेली चूल आहे, पिंपाच्या पत्र्याची, मातीने लिंपलेली, मागे दुहेरी भिंत. गॅस आहे, पण भात अजून हिच्यावरच होतो. चुलीमागची भिंत पांढरी आहे. कोकणात लाकडाच्या चुलीमागे पांढरी भिंत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. वहिनी सांगत होत्या, गावात सात घरांत त्यांनी अशा चुली करून दिल्या. श्वास पुरत नव्हता तेव्हा खुर्चीवर बसून दुसऱ्याकडून करून घेतल्या. आणि प्रत्येक ठिकाणी त्या इंग्लंडच्या बाईची गोष्ट सांगायचे. "तिच्या पोराक आता बरा असतला, नाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "असेल."

वहिनींना खरं काय ते मी सांगू शकले नाही. सुलभा ही पुरवणी वाचते, तिने मला सांगितलं होतं. तिने आईला हे वाचून दाखवावं की नाही, ते तिने ठरवावं. मेस्त्रींनी दिलेला शब्द मोडला तो त्यांनी नाही, मी.

वहिनींनी चुलीत दोन लाकडं सारली. लाकडाच्या वर, मोकळ्या जागेत, ज्वाळा पेटल्या. "पुढे सरा, हय धूर येणा नाय," म्हणाल्या. मी पुढे सरकले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या घरात धुरामुळे आलं असं म्हणायची सोय नव्हती.